काळोखात ठेवलेला कान

माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे. थोडाथोडका नव्हे, चांगला बोटभर बाहेर आलेला. आई सांगे की हा कान जन्मतः असा नव्हता; शाळेतले मास्तर उजव्या हाताचे होते आणि समोर उभे राहून पिळायचे, म्हणून डाव्याचीच वाढ झाली. पाढे पाठ असते तर दोन्ही सारखे राहिले असते, हेही ती पुढे जोडायची. मला यातलं काही पटत नसे. पण फोटोचं दुकान काढल्यावर दिवसभर लोकांची तोंडं न्याहाळायची सवय लागली, आणि आपल्या तोंडाचं दुखणं जास्तच ठसठसू लागलं.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा आठ-दहा वर्षं झाली असतील. गिरगावातल्या एका स्टुडिओत चार वर्षं पडेल ते काम करून मी परत आलो होतो. घरी भाताची खाचरं होती, पण मला चिखलाचा कंटाळा. अलिबागेच्या बाजारात दोरखंड आणि जाळी विकणाऱ्या एका दुकानामागची खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली. खोलीत वीज नव्हती. मागचं अंगण होतं, तिथल्या उजेडात रंगवलेला पडदा टांगून मी फोटो काढायचो. पडद्यावर तळं होतं, तळ्यात दोन बदकं होती आणि मागे एक राजवाडा होता. रंगवणाऱ्याने बदकं राजवाड्याएवढी मोठी काढली होती, पण गिऱ्हाइकाची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. त्याची तक्रार फक्त स्वतःपुरती. दोन डोळे आले पाहिजेत, दोन कान आले पाहिजेत, दोन्ही हात गुडघ्यांवर दिसले पाहिजेत आणि मनगटावर घड्याळ पाहिजे. घड्याळ दुकानाचं. ते बंद होतं, त्यामुळे त्या काळात आमच्या तालुक्यातल्या सगळ्या पुरुषांचे फोटो पावणेचार वाजता काढलेले आहेत.

या बदकांना मी वर्षभरात विटलो. मुंबई सोडताना मालकांनी औषधांच्या बाटल्या गुंडाळायला रद्दी दिली होती, तिच्यात एका इंग्रजी मासिकाची काही पानं निघाली. एका पानावर म्हाताऱ्याचा फोटो होता. एक गाल, एक डोळा, हाताची कड, एवढंच उजेडात. बाकी सगळं काळं. खाली ‘लो-की’ असं लिहिलेलं. माझ्या तुटपुंज्या इंग्रजीला त्यातून एवढं कळलं की चित्रात बहुतेक काळोख ठेवायचा आणि उजेड हवा तेवढाच मोजून द्यायचा. ते पान मी भिंतीला चिकटवलं आणि मला वेड लागलं. हे मी आज कबूल करतो. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.

पहिल्यांदा गॅसबत्ती आणून पाहिली. खोलीची दारं लावून भर दुपारी ती पेटवली. पाच मिनिटांत खोलीची भट्टी झाली, आणि बत्तीचा उजेड इतका दिलदार की काळोख औषधालाही राहिना. मग एक दिवस जेवून आडवा झालो असताना वर लक्ष गेलं. छपरात एक काचेचं कौल होतं, आपल्याकडे घरोघरी असतं तसं, आणि त्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरला होता. तो पट्टा जिथे पडला होता तिथे माझ्या धोतराचा सोगा झगझगत होता आणि बाकीचा मी काळोखात होतो. मी उठून बसलो. हवा तो दिवा बापजाद्यांनी छपरात लावून ठेवला होता आणि मी बत्तीला पंप मारत बसलो होतो.

पण देवाने दिलेला दिवा देवाच्याच तंत्राने चालतो. पहिला प्रयोग आईवर केला. तिला थेट पट्ट्याखाली बसवलं. उजेड वरून पडल्यामुळे कपाळ आणि नाक तेवढं चमकलं, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आले. आईने फोटो हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

“आरं, मी आजून हाय,” ती म्हणाली. “गेल्यावर काडायचा तो फोटो आताच कशाला काडलास?”

मग मी आरसा आणला. पट्टा आरशावर घ्यायचा आणि आरशातून तो बाजूने गालावर टाकायचा, ही युक्ती जमली. अडचण एकच होती, सूर्य थांबत नाही. दर दहा मिनिटांनी पट्टा हातभर सरके, त्यामागे आरसा सरकवायचा, आरशामागे गिऱ्हाइकाचं स्टूल आणि स्टुलामागे कॅमेरा. जमिनीवर मी खडूने खुणा करून ठेवल्या होत्या, साडेदहाची, पावणेअकराची, अकराची. मध्येच समुद्रावरून ढग आला की सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. बाहेरून कुणी डोकावला तर त्याला वाटावं की आत काही अघोरी चाललंय.

मागचा पडदा काळा हवा होता. पुढच्या दुकानात एक जुनं शीड पडलं होतं, कोळ्यांनी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केलेलं. माझ्या कॅमेऱ्यातल्या प्लेटला तांबडा रंग दिसायचाच नाही, तो काळाकुट्ट उतरे. शीड फुकट मिळालं. फुकट का मिळालं ते टांगल्यावर कळलं. त्या शिडाने वीस-पंचवीस वर्षं बोंबील वाहिले होते. पहिल्याच आठवड्यात बाजारातल्या सगळ्या मांजरांना माझ्या कलेची गोडी लागली.

या थाटात माझी पहिली खरी गिऱ्हाईक आली ती थळची एक कोळीण. मासळीच्या टोपलीवर राज्य करणारी बाई. घरचं लग्न नुकतंच झालं होतं आणि अंगावर असेल नसेल ते सगळं सोनं घालून ती फोटोला आली होती. मी तिला बदकांपुढे न बसवता शिडापुढे बसवलं. “मावशी, असा फोटो कुलाबा जिल्ह्यात कुणाचा निघाला नसेल,” असं म्हटलं, आणि ते खरंच होतं. शिडाचा वास तिला अजिबात खटकला नाही, उलट ती घरच्यासारखी सैल बसली. फोटो असा उतरला की मी नाचलो. उन्हातान्हाने रापलेला तो गाल, ओठाची मुरड, एक डोळा नुसता पेटलेला!

मावशीने फोटो डोळ्यांजवळ नेला.

“माजा दुसरा कान कुटं हाय?”

“काळोखात आहे, मावशी.”

“आन् त्या कानातलं?”

“तेही काळोखातच.”

“गल्यातलं?”

तिने फोटो टेबलावर ठेवला, कमरेवर हात घेतले आणि पुढच्या दुकानातल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “येवढं आंगावर चढवून आले ती काय काळोखात ठेवायला? काळोख माज्या घरी न्हाय?” मग मला पुन्हा अंगणात जावं लागलं. ती बदकांपुढे बसली. प्रत्येक दागिना तिने हाताने पुढे ओढून मला दाखवला, मी मान डोलावली, आणि फोटो काढला.

गाढवापुढे वाचली गीता, असं मी मनात म्हटलं. तेव्हा मला सगळी माणसं अडाणी वाटत. अर्धं दाखवलं की उरलेलं माणूस मनाने भरून काढतो, हा माझा सिद्धांत होता आणि तो मी चहाच्या दुकानात, होडीत, एस.टी.त, सापडेल त्याला ऐकवायचो.

अशा मनःस्थितीत मी एका लग्नाला गेलो. लग्न आमच्या नात्यातलंच, खाडीपलीकडे काशीदच्या वाटेवरच्या गावात. वऱ्हाडाचा फोटो काढायचं काम माझ्याकडे. तीन रांगा लावल्या आणि काळ्या फडक्यात डोकं घातलं. ज्याने हा जुना कॅमेरा हाताळला नाही त्याला सांगितलं पाहिजे, की मागच्या काचेवर सगळं जग उलटं दिसतं, डोकी खाली आणि पाय वर. त्या उलट्या जगात, तिसऱ्या रांगेत, एक मुलगी हसत होती. उलटं हसू रडल्यासारखं दिसतं, पण माझा त्या बाबतीत हात बसला होता. ती माझ्या फडक्याला हसत होती. मी नको तितका वेळ आत राहिलो. प्लेट घालून बाहेर येतो तोवर पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड बाईने अंबाड्यावरची वेणी सारखी केली, मान उंच केली, आणि ती मुलगी जी तिच्यामागे गेली ती गेलीच. फोटो धुतल्यावर पाहिलं तर तिचं फक्त कोपर आलं होतं.

मी कोपराच्या प्रेमात पडलो असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. आठवडाभर मी ते कोपर भिंगाखाली पाहत होतो. शेवटी लाज सोडून फोटो आईपुढे धरला आणि विचारलं, हे कोपर कुणाचं? आईने बांगड्या पाहिल्या. दोन हिरव्या, एक पाटली, पुन्हा दोन हिरव्या. बायका माणसं अशीच ओळखतात.

“ही मामाकडं वाडलेली पोर,” ती म्हणाली. “बाप न्हाय तिला. मामा लय करडा हाय, हिला आलेल्या दोन जागा त्यानंच मोडल्या. का रं?”

का ते मी सांगितलं. आईला आनंद झाला, कारण तोवर चार मुलींना मी काही ना काही खुसपट काढून नकार दिला होता. आता मला हीच हवी होती, दुसरी कुणी नाही, आणि हे मी आईला इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं की ती पदराआड हसली. खाडीपलीकडच्या एका नातेवाईक बाईंबरोबर निरोप धाडायचं ठरलं. बाई म्हणाल्या, मुलगा फोटोवाला आहे तर फोटोही द्या.

इथे मी माती खाल्ली. आई सांगत होती, अंगणात बस, सरळ बघ, टोपी घाल, झालं. पण मला वाटलं, ज्याला काचेवर लोकांची तोंडं घडवता येतात त्याने स्वतःचं तोंड बदकांपुढे धरावं? शिवाय कान होता. खरं सांगायचं तर मुख्य कानच होता. काळोखाची कला माझ्या हाती आली होती, आणि काळोखात ठेवण्यासारखी वस्तू देवाने मला दिली होती. मी शिडापुढे बसलो, पट्टा आरशात घेतला, उजवा गाल पुढे केला आणि कॅमेऱ्याच्या रबरी नळीचा फुगा टाचेखाली दाबला. फोटोत माझ्या चेहऱ्यावर जो खोल विचारात असल्याचा भाव आहे, तो फुगा नीट दाबला गेला की नाही याच्या काळजीचा आहे. डावी बाजू अशी साफ गेली होती की कान, डोळा, गाल, कशाचा मागमूस नाही. मी बेहद्द खूश झालो आणि तो फोटो पाठवला.

पंधरा दिवस उत्तर नाही. तीन आठवडे झाले. बाई तिकडून आल्या की आई विचारी आणि बाई दुसरंच काही बोलत. मला अन्न गोड लागेना. दुकानात कुणी काही विचारलं तरी मी खेकसायचो.

एका सकाळी दुकानात एक पन्नाशीचा माणूस आला. पांढरी टोपी, कोट, हातात काठी, पाय धुळीने भरलेले. साळावहून होडीने खाडी ओलांडून रेवदंड्याला आलो आणि तिथून एस.टी.ने इकडे, असं त्याने सांगितलं. फोटो काढायचाय म्हणाला. पण फोटोवाल्याकडे आलेला माणूस कॅमेऱ्याकडे बघतो, आरशात टोपी सारखी करतो. हा माझ्याकडेच बघत होता. आणि माझ्या डावीकडे यायला बघत होता. मी वळलो की तोही वळे. दोन वेळा आम्ही एकमेकांभोवती फेर धरल्यासारखे फिरलो.

“काका, बसा ना एका जागी,” मी म्हटलं.

“बसतो की,” तो म्हणाला. मग अचानक माझ्या डाव्या बाजूला येऊन अगदी हळू पुटपुटला, “पानी मिळंल काय?”

मी पाणी दिलं. तो पाण्याकडे न बघता म्हणाला, “म्हंजे ऐकू येतंय.”

“काय?”

“काय न्हाय. त्या भिंतीवर कॅलेंडर हाय, त्यावर काय लिवलंय ते उजवा डोळा मिटून वाचा बगू.”

आता माझं डोकं सटकलं. “काका, फोटो तुमचा काढायचाय की माझे डोळे तपासायचेत?”

“न्हाव्याचा हात आन् फोटोवाल्याचा डोळा बगूनच तोंड पुडं करावं,” तो थंडपणे म्हणाला. मी उजवा डोळा मिटून कॅलेंडर वाचलं. एकादशी कधी आहे तेही सांगितलं. त्याने मान हलवली आणि स्टुलावर बसला.

अकराची खूण जवळ आली होती. मी घाई केली. त्याला शिडापुढे आणलं, आरसा लावला, फडक्यात शिरलो. काचेवर पाहतो तो स्टूल रिकामं. फडक्यातून डोकं काढलं तर हा माझ्या डाव्या खांद्याशी वाकून फडक्याच्या आत बघत होता.

मी ओरडलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी त्याला म्हटलं, “दगडासारखं बसा म्हटलं तर माकडासारखं काय नाचता? तुमच्या वयाला शोभतं का?” तो निमूटपणे जाऊन बसला. तोवर पट्टा सरकला होता. मी म्हटलं, “आता स्टूल इकडे सरकवा, सूर्य सरकला.”

“सूर्य सरकला म्हनून मी सरकायचं?”

“हो.”

“रोज असंच चालतं काय?”

“ऊन असलं तर.”

तो सरकला. मग ढग आला. आम्ही दोघे ढग जायची वाट बघत बसलो, आणि रिकामा वेळ मिळाला म्हणून मी त्याला माझा सिद्धांत ऐकवला. माणूस आख्खा दाखवायचा नसतो, अर्धा दाखवायचा, उरलेला बघणाऱ्याने मनाने भरून घ्यायचा.

“आन् बगनाऱ्यानं भलतंच भरलं तर?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“म्हंजे येकाद्यानं भरलं, की ह्याचा येक डोळा गेलेला हाय. दुसऱ्यानं भरलं, न्हाय, ती बाजू भाजलेली हाय. बायका म्हनाल्या कोड हाय. घरात तीन आठवडे रडारड.”

माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही. मी म्हटलं, अशा अडाणी माणसांसाठी कला नसते. तेवढ्यात ऊन आलं. शिडाच्या वासाने एक मांजर आत शिरून त्याच्या पायाशी बसलं होतं, त्याच्याकडे त्याने खाली पाहिलं, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताठा गेला. मी फुगा दाबला.

तो उठला, टोपी सारखी केली आणि काठी घेतली. दारात थांबून मला सरळ डाव्या बाजूने, सावकाश, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“पोरगा आख्खा हाय,” तो स्वतःशीच म्हणाला. “कान मोटा हाय, पन हाय.” मग माझ्याकडे वळून, “मी मुलीचा मामा. येत्या रविवारी आईला घेऊन या. फोटो तयार झाला तर तोबी आना.”

ज्या माणसाच्या एका शब्दावर माझं लग्न अडलेलं, त्याला मी माकड म्हटलं होतं. बोलावलं होतं खरं, पण कशाला? घरी बोलावून चारचौघांत तोंडावर नाही म्हणायलाही लोक बोलावतात. रविवारपर्यंत मी हेच उगाळत होतो. दोन जागा त्यानं मोडल्या, हे आईचं वाक्य कानातून जाईना.

रविवारी आम्ही निघालो. मी मोठी काळी टोपी घेतली होती आणि ती डावीकडे जरा जास्तच ओढली होती. मामांच्या घरी ओटीवर बैठक घातलेली. मी बसलो तोही उजवी बाजू घरच्यांकडे करून. मामांना फोटो दिला. खाली मांजराकडे बघणारा अर्धा चेहरा, त्यावर मवाळ उजेड. त्यांनी बराच वेळ पाहिला.

“ह्यो कोन?” ते म्हणाले.

मामी मागून डोकावल्या. “तुमीच की. पंचवीस वर्सांत पयल्यांदा गप बसलेलं दिसताय.” मामांनी फोटो कोटाच्या आतल्या खिशात घातला. मला काही अंदाज येईना.

मग आम्हाला आतल्या खोलीत नेऊन बसवलं आणि मुलगी आली. तिथल्या खिडकीजवळ पाट मांडला होता, तिथे ती बसली. खिडकीचं एक दार उघडं, एक बंद. उघड्या दारातून नारळीतून गाळून आलेला उजेड तिच्या डाव्या गालावर पडला होता, आणि उजवी बाजू पार काळोखात. पहिल्या क्षणी माझ्यातला फोटोवाला म्हणाला, वा! एवढा सुंदर उजेड मला आरसे लावून कधी जमला नव्हता. दुसऱ्या क्षणी माझ्यातला नवरामुलगा म्हणाला, थांब. हिची दुसरी बाजू कुठे आहे?

ती हलेना. पोह्यांची बशी पुढे केली तीही मान न वळवता. मी जरा पुढे झुकलो. ती तेवढीच मागे झाली. मी पोहे घ्यायच्या निमित्ताने डावीकडे सरकलो, तिने पदर सारखा केला. काचेवर तर ती धड होती. पण उलट्या काचेवर, घाईत, मी काय पाहिलं होतं? डोळा अधू असेल का? भाजलं असेल? मला त्या अर्ध्या तोंडात काही म्हणता काही मनाने भरता येईना. भरत होतं ते सगळं भलतंच. आई मला कोपराने ढोसत होती, काहीतरी विचार म्हणून. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, असं विचारायचं असतं. माझ्या तोंडून निघालं, “ते खिडकीचं दार जरा उघडता का?”

“कशाला?” मामा म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. “मानूस आख्खा दाखवायचा नसतो म्हनं.”

माझे दोन्ही कान तापले. मी काही बोलणार तेवढ्यात तिने स्वतःच हात वर केला आणि दार ढकललं. ऊन आत आलं. तिचा उजवा गाल आत आख्खी सुपारी धरल्यासारखा सुजला होता, डोळ्यापर्यंत.

“दाढ,” ती म्हणाली. तिचा पहिला शब्द तो. “चार दिस झाले.”

“मी सांगितलं हुतं रविवार बदला म्हनून,” मामी मागून कळवळून म्हणाल्या. “तर ह्येच बोलले, त्यांनी तरी कुटं आख्खं दाखवलंय? बसू दे तिला तशीच.”

मी हसलो नाही. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग फार लाज वाटली. ही पोर चार दिवस दाढ धरून बसली होती, आणि पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून खिडकीशी कसरत करत होती. मी मात्र कान लपवायला आख्ख्या घराला तीन आठवडे रडवलं होतं.

“लवंग धरलीत का दाढेत?” मी विचारलं.

“धरली. काय व्हत न्हाय.” मग तिने मामांकडे बघितलं आणि म्हणाली, “आता तुमचं दावा.”

“माझं काय?”

“मामा बोलले, कान हाय म्हनून.”

आई म्हणाली, “दाव की रं.” मामा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. मी टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि सगळा डावीकडून वळून त्या खिडकीच्या उजेडात बसलो. तिने पाहिलं. आधी नुसतं पाहिलं, मग ओठ दाबले, मग तिला हसू फुटलं, आणि हसू फुटताच ती “आई गं” म्हणून गाल धरून कळवळली. कळ जाते न जाते तोच पुन्हा वर बघितलं आणि पुन्हा हसली.

“घाला वो ती टोपी,” ती म्हणाली. “हसलं की दुकतंय.”

मामी तिला म्हणाल्या, मग बघू नको. पण ती बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मी टोपी घातली नाही.